मे महिन्यात डोंगरावरचं पाणी

जूनमध्ये दोन चांगल्या सरी पडल्या की नाशिककरांना डोंगराची आठवण होते. रविवारी पहाटेपासून त्र्यंबक रस्त्याला गाड्यांची रांग लागते आणि हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर माणसाला माणूस खेटून उभा राहतो. पावसाळी डोंगर सुंदर असतो, त्याबद्दल वादच नाही. पण डोंगरावरचं पाणी नीट बघायचं असेल तर होळीपासून मृग लागेपर्यंतचे दिवस निवडावेत, असं मला मनापासून वाटतं. श्रावणात पायाखाली पाणी, अंगावर पाणी, समोरच्या कड्यावरून सांडणारं पाणी. अशा वेळी कातळातलं एखादं पाण्याचं टाकं कुणी आणि कशासाठी खोदलं, हा प्रश्न मनात येतच नाही. मे महिन्यात करपलेल्या गवतातून, तापलेल्या कातळावरून दोन तास चालून आल्यावर चार हजार फुटांवर हिरवट गार पाणी दिसतं आणि पाय आपोआप थांबतात. कितीतरी शतकांपूर्वी इथे उभं राहून कुणीतरी तहानेचा हिशेब केला होता, हे तेव्हा कळतं.

आमच्या गटाला नाव नाही. शाळेतून निवृत्त झालेले एक सर आहेत, बँकेत नोकरी करणाऱ्या काकू आहेत, अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारे दोघे भाऊ, सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर, कॉलेजची तीन-चार मुलं. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार दादा आहेत. एप्रिलची खरड छाटणी उरकल्याशिवाय त्यांना सवड मिळत नाही, त्यामुळे ते आमच्यात फक्त उन्हाळ्यातच येतात. पहाटे साडेचारला पपया नर्सरीच्या चौकात जमायचं. पावणेपाचनंतर कुणासाठी थांबायचं नाही, आणि हा नियम सरांनाही लागू. कारण उन्हाळ्यात डोंगर चढायला वेळ फार थोडा मिळतो. साडेपाचला पायथा सोडला तर आठ-साडेआठपर्यंत पाण्याजवळ पोचायचं. अकरा ते चार या वेळात कुणी चढायचं नाही, उतरायचंही नाही. पाण्याशेजारी सावली बघायची, डबे उघडायचे, झोपायचं, गप्पा मारायच्या आणि ऊन कललं की उतरायला लागायचं. म्हणून आम्ही डोंगर निवडतो तो दोन गोष्टी बघून: वर पाणी आहे का, आणि पाण्याजवळ लेणं, गुहा किंवा देऊळ आहे का. शिखर त्यानंतर.

या दोन्ही गोष्टी नाशिकच्या अगदी जवळ मिळतात त्या अंजनेरीवर. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी फाटा, आत गाव, गावाजवळ यादवकाळातली जुनी देवळं. त्यांतल्या एका जैन मंदिरात बाराव्या शतकातला शिलालेख आहे. गावातून वर वन खात्याच्या नाक्यापर्यंत गाडीरस्ता आहे, पण आम्ही शक्यतो खालूनच चालतो. नाक्यापुढे पायऱ्यांची घळ लागते. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये सावली, आणि वाटेत कातळात कोरलेलं एक छोटं जैन लेणं. घळीतून वर आलं की एकदम उघडं पठार, अंजनी मातेचं देऊळ आणि मग तळं. हनुमानाने सूर्याकडे झेप घेतली तेव्हा त्याच्या पावलाचा ठसा इथे उमटला आणि त्याचं तळं झालं, असं सांगतात. आणखी वरच्या टप्प्यावर चढून खाली पाहिलं तर तळ्याचा आकार खरोखरच पावलाचा दिसतो. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तिथे नेऊन उभं करतो.

नाशिक शहर साधारण सहाशे मीटरवर आहे आणि अंजनेरी तेराशेच्या आसपास. सातशे मीटर वर गेलं की तापमान चार-साडेचार अंशांनी उतरतं. शहरात पारा चाळिशीला टेकलेला असताना वर तळ्याकाठी, सावलीत आणि वाऱ्यात दुपार काढता येते. रघुनाथराव पेशव्यांना अंजनेरी का आवडत असे, हे मे महिन्यात इथे दुपारभर बसलं की उमगतं.

तळ्याचं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं आणि काठावर चिखलाची एक रुंद पट्टी उघडी पडते. मला या पट्टीवर तास-तासभर बसायला आवडतं. पाण्यापासून दूर चिखल वाळून त्याच्या खपल्या झालेल्या, जरा पुढे ओला आणि मऊ, त्यात गुरांचे खूर, बगळ्याची तीन बोटं पुढे आणि एक मागे, शेळ्यांची नाजूक नक्षी. कडेच्या उथळ पाण्यात नखाएवढे मासे आपल्या सावलीला घाबरून एकदम वळतात. लाल चतुर एकाच काडीवर परत परत येऊन बसतो. एकदा डबे उघडायला जागा शोधत असताना टिटवीची जोडी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली. सरांनी सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. पाच मिनिटं नुसत्या नजरेने शोधल्यावर, आमच्यातल्या एका मुलीच्या बुटापासून हातभर अंतरावर चार अंडी दिसली. मातकट, त्यावर काळे ठिपके, भोवती खडे मांडलेले, बस्. घरटं म्हणावं असं काहीच नाही. पावलावर पाऊल टाकत आम्ही मागे आलो आणि डबे लांब, सीता गुहेच्या सावलीत नेऊन उघडले. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस चांगला होतो, असं दादा म्हणाले. ही कुठे घातलीत, उंचवट्यावर की सखल जागी, यावर जेवण संपेपर्यंत चर्चा चालली होती.

पायवाट सोडून चालायचं नाही, हा आमचा अंजनेरीवरचा आणखी एक नियम. नव्या मुलांना तो आधी पटत नाही. सगळं गवत वाळलेलं आहे, तुडवलं तर काय बिघडलं? पण उन्हाळ्यातला हा डोंगर रिकामा नसतो. इथे सेरोपेजिया अंजनेरिका नावाची वनस्पती आहे, कंदीलपुष्पांच्या कुळातली. अंजनेरी हेच तिचं घर, म्हणून नावही अंजनेरीचं. पावसाळ्यात ती वीतभर वर येते, फुलते, आणि पाऊस गेला की जमिनीवर तिचा मागमूस राहत नाही. आठ महिने ती कंदाच्या रूपात मातीखाली असते. आपण ज्याला मोकळं माळरान समजतो त्याखाली हे कंद पावसाची वाट बघत असतात. अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्यामागे ही वनस्पती आणि इथल्या कड्यांवर घरटी करणारी गिधाडं ही मोठी कारणं होती. ब्रह्मगिरी आणि अंजनेरी जोडणाऱ्या रोपवेचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी विरोध केला, आणि तो विरोध मला शंभर टक्के योग्य वाटतो. ज्यांना चढवत नाही त्यांनाही देवीचं दर्शन व्हावं, ही भावना मी समजू शकते. माझ्या आईलाच आता चढवत नाही. पण दिवसाला हजारो माणसं या पठारावर उतरली, तर तळं आणि माती या दोघांनाही ते सोसणार नाही.

तळी निसर्गाने दिलेल्या खोलगटीत साठतात, टाकी मात्र माणसाने खोदलेली. आणि टाक्यांसाठी जावं हरिहरला. त्याच्या खड्या पायऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. उन्हाळ्यात त्या पायऱ्या ऊन चढायच्या आत संपवाव्या लागतात, कारण कातळ तापला की खोबणीत बोटं टेकवत नाहीत. पायऱ्या, कातळात कोरलेला मार्ग, दरवाजे हे सगळं पार करून वर आलं की लोकांना वाटतं, किल्ला झाला. खरं तर किल्ला तिथे सुरू होतो. मारुतीचं ठाणं आणि त्याच्याजवळचं तळं, त्यापुढे दगडी कोठार, आणि कोठाराच्या आसपास कातळात खोदलेली टाकी.

यांतल्या एखाद्या पाणी असलेल्या टाक्याशी पालथं झोपून आत बघावं. छिन्नीचे घाव अजून दिसतात, तिरपे, एकाच कोनात, ओळीने. भिंतीवर पाण्याच्या पातळीच्या रेघा उमटलेल्या असतात. वरची फिकी, खालची गडद, आणि शेवटची अजून ओली. पावसाळ्यानंतर पाणी कुठपर्यंत होतं, कुठे जास्त दिवस थांबलं, हे त्या रेघांवरून कळतं. कोपऱ्यात एक पायरी, तिच्याखाली आणखी एक. पाणी जसजसं खाली जाईल तसतसं भांडं घेऊन उतरता यावं म्हणून त्या ठेवलेल्या. हात आत घातला की कोपरापर्यंत गारवा चढतो, आणि वर पाठीवर तेच मे महिन्याचं ऊन असतं.

ही टाकी कुठेही खोदून चालत नाहीत. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झाला, हे आपण शाळेत शिकतो. पण हे सगळे थर सारखे नाहीत. काही थर घट्ट, एकसंध. काहींमध्ये वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि दगड अनारशासारखा जाळीदार झाला. जाळीदार आणि भेगाळलेल्या थरातून पाणी झिरपून निघून जातं, घट्ट थरात ते टिकतं. टाकं खोदणाऱ्याला आधी हा थर ओळखावा लागे. शिवाय चढावरून वाहून येणारं पाणी नेमकं तोंडाशी येईल अशी जागा, आणि खोदताना निघालेला दगड तटबंदीला किंवा इमारतीला वापरता येईल अशी सोय. काही किल्ल्यांवर टाक्याचं तोंड लहान ठेवून आत मोठी पोकळी कोरली आहे, छत तोलायला कातळातलेच खांब ठेवले आहेत. अशा खांबटाक्याला ऊन लागत नाही, त्यामुळे पाणी उडून जात नाही आणि शेवाळही कमी धरतं. उघड्या तळ्यावरून मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास पाणी नुसतं वाफ होऊन जातं. खांबटाकं खोदणाऱ्यांकडे मोजायची यंत्रं नव्हती, पण हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता.

आणि ही विद्या किल्ल्यांच्याही फार आधीची आहे. पांडवलेणी आपण शाळेच्या सहलीत बघतो आणि मग विसरतो. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्रिरश्मी डोंगरात हे लेणं करवलं आणि ही पाण्याची टाकीही करवली, असं त्यात नोंदवलं आहे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा राजघराण्यातला माणूस आपल्या दानांची यादी दगडात कोरून ठेवतो आणि लेण्याच्या बरोबरीने टाक्यांचा उल्लेख करतो. उन्हाळ्यात पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून वर गेलं की ही नोंद त्याला एवढी महत्त्वाची का वाटली असेल, ते वेगळं सांगावं लागत नाही.

हरिहरच्या माथ्यावरून वैतरणा धरणाचं पाणी दिसतं, अफाट पसरलेलं. उर्ध्व वैतरणाचं पाणी मुंबईला जातं. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. गंगापूर, दारणा, भावली, मुकणे ही सगळी धरणं याच डोंगरांच्या पायथ्याशी. आणि याच डोंगरांच्या कुशीतल्या पाड्यांवर एप्रिलपासून टँकरची वाट बघावी लागते. उताराची जमीन, खाली घट्ट कातळ, पाऊस पडतो तसाच वाहून जातो. वरच्या टाक्यात अडवलेलं पाणी टिकतं आणि पायथ्याची विहीर कोरडी पडते, हे दृश्य उन्हाळ्यात आल्याशिवाय दिसत नाही. पावसाळी पर्यटकाला तर इथे पाण्याची टंचाई असते हे सांगूनही खरं वाटणार नाही.

हरसूलच्या वाटेवरच्या एका पाड्यावरची गोष्ट आहे. सकाळी सहाची वेळ. विहिरीशी हंड्यांची रांग लागलेली, विहिरीच्या तळाशी एक मुलगी उतरलेली, वाटीने झिऱ्यातलं पाणी कळशीत भरत होती. आम्ही जवळून चाललो होतो. काठावरची एक बाई आमच्या सिस्टरना म्हणाली, "ताई, बाटल्या भरायच्या का? भरा. जरा दम धरा, झिरा भरू द्या." तिचा स्वतःचा हंडा रिकामा होता. सिस्टरनी पिशवीतल्या भरलेल्या बाटल्या काढून दाखवल्या, "नको ताई, घरून आणलंय," तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. दारावरून जाणाऱ्याला पाणी विचारायचं, ही रीत तिने त्या विहिरीशी उभं राहूनही सोडली नाही.

त्यानंतर आमच्यात एक गोष्ट कायमची ठरली. उन्हाळ्यात पायथ्याच्या गावात पाणी मागायचं नाही. माणशी चार लिटर घरून न्यायचं, वजन झालं तरी चालेल. जेवण गावात सांगायचं, त्याचे योग्य पैसे द्यायचे, पण जेवणाबरोबरचं पाणी आपलं. हात धुवायलाही आपलंच. करवंदं, जांभळं, काकडी, लिंबू सरबत विकायला वाटेवर बसलेल्या मुलांकडून घ्यायचं, घासाघीस न करता. त्या सरबताचं पाणीही कुणीतरी डोक्यावरून वर आणलेलं असतं.

चार लिटरचं ओझं घेऊन चढायचं म्हटलं की वेग आपोआप कमी होतो, आणि उन्हाळ्यात ते फार चांगलं. आमच्यात सगळ्यांत पुढे काकू चालतात, कारण त्यांची चाल सगळ्यांत संथ आहे. त्यांना ओलांडून कुणी पुढे जायचं नाही. कॉलेजच्या मुलांना पहिला तासभर हे जाचतं. दुसऱ्या तासाला घसाऱ्याचा चढ लागतो, दम निघतो आणि मग कुणी तक्रार करत नाही. सगळ्यांत शेवटी सिस्टर. त्यांची नजर सतत पुढच्यांच्या पाठीवर असते. उन्हाचा त्रास व्हायला लागलेला माणूस क्वचितच बोलून दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. "जो बडबड्या एकदम गप्प होतो, त्याच्याकडे बघायचं."

धोडप किल्ल्याच्या चढावर तसंच झालं. अंबडच्या भावांतला धाकटा, सतत काहीतरी सांगत चालणारा, दहाएक मिनिटं काहीच बोलला नव्हता. सिस्टरनी हाक मारली तर वळून बघायला त्याला वेळ लागला. चेहरा पांढुरका, पोटऱ्यांत गोळे, मळमळ. कारवीच्या सावलीत आडवं केलं, पाय सॅकवर उंच ठेवले, शर्टाची बटणं सोडली. मीठ-साखर-पाणी घोट घोट. दादा आणि मोठा भाऊ वरच्या टाक्याकडे गेले आणि पंचे चिंब भिजवून घेऊन आले. मानेवर, काखेत, कपाळावर ते पंचे ठेवले, वारा घातला, अर्ध्या-पाऊण तासाने पोरगा उठून बसला आणि भूक लागली म्हणाला. त्या दिवशी आम्ही माथा केला नाही. ऊन उतरेपर्यंत तिथेच बसलो आणि खाली आलो. घाम यायचा थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर ते उष्माघाताचं लक्षण असतं आणि मग सावलीत बसून भागत नाही, माणसाला तातडीने दवाखान्यात न्यावं लागतं, हे सिस्टर प्रत्येक नव्या माणसाला पायथ्याशीच सांगतात.

उन्हाळ्यात आणखी दोन गोष्टींना फार जपावं लागतं. एक आग्यामोहोळ. किल्ल्यांच्या कड्यांना, लेण्यांच्या छताला ही पोळी लटकलेली असतात. अत्तर, बॉडी स्प्रे, धूर, आरडाओरडा, सगळं बंद. आणि दुसरा वणवा. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. गवत जळतं, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं जळतात, करवंदीच्या जाळ्या जळतात, आणि पहिल्या पावसात उघडी पडलेली माती वाहून थेट तळ्यात आणि टाक्यात जाते. म्हणून आम्ही वर चूल मांडत नाही. चहा थर्मासमध्ये, भाकरी-ठेचा-कांदा फडक्यात, ताक बाटलीत.

लांब जायचं ठरलं की माझी निवड साल्हेर. रात्री दोनला निघावं लागतं, सटाणा, ताहाराबाद करत उजाडता उजाडता साल्हेरवाडी. १५६७ मीटर उंची, महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत सगळ्यांत उंच, आणि शिखर म्हणून कळसूबाईच्या खालोखाल. दरवाज्यांमागून दरवाजे पार करत वर गेलं की पठारावर गंगासागर तलाव, जवळ रेणुकेचं देऊळ आणि राहण्याजोग्या गुहा. आणखी वर परशुरामाच्या पादुका. याच साल्हेरच्या परिसरात १६७२ मध्ये मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं आणि मराठा सरदार सूर्यराव काकडे धारातीर्थी पडले. लढायांचं वर्णन वाचताना आपण तलवारी आणि घोडे बघतो. गंगासागरच्या काठी बसलं की दुसराच विचार येतो: गडावरच्या इतक्या माणसांना, जनावरांना रोज पाणी लागत असेल, ते कुठून? नाशिकजवळचा रामशेज पाच वर्षांहून जास्त काळ औरंगजेबाच्या फौजांपुढे टिकला. किल्ला केवढा, तर सकाळी जाऊन दुपारी घरी जेवायला येता येईल एवढा. माणसांची हिंमत मोठी होतीच, पण टाक्यांत पाणी नसतं तर ती हिंमत एक उन्हाळाही टिकू शकली नसती.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत साल्हेर आहे. मला त्याचा फार आनंद झाला. काळजीही वाटते. गर्दी वाढेल तेव्हा गंगासागरात साबण लावून अंघोळी होणार नाहीत, हे कोण बघणार?

पोहण्याबद्दल मी अगदी कडक आहे, आणि त्यावरून काही चांगली माणसं आमच्यातून निघूनही गेली. चार तास उन्हात चालल्यावर समोर तळं दिसलं की उडी मारावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण या तळ्यांना घाट नाही, तळ दिसत नाही. कातळ दोन पावलं उथळ असतो आणि तिसऱ्या पावलाला एकदम तुटतो. गाळात पाय रुतला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सुटता येत नाही. जवळ दवाखाना नाही, उतरून खाली यायलाच दोन तास. हे झालं आपल्या जिवाचं. आणि ते पाणी फक्त आपलं आहे का? गुराखी तेच पितो, देवळातला पुजारी तेच भरतो, रात्री रानातली जनावरं तिथेच येतात. अंकाई किल्ल्याच्या माथ्यावरच्या तलावात तर मधोमध अगस्ती ऋषींची समाधी आहे. तिथे कुणी पाण्यात उतरून दंगा करत नाही, श्रद्धा आडवी येते. बाकीच्या तळ्यांना समाधी नसली तरी तेवढाच मान द्यायला काय हरकत आहे? आम्ही भांड्याने पाणी काढतो, दहा पावलं लांब जाऊन तोंड-मान धुतो. प्यायचं असेल तर फडक्याने गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, अर्धा तास थांबून.

टाक्यांचा खरा शत्रू मात्र गाळ आहे. वापर थांबला, देखभाल थांबली, तटाचे दगड ढासळले, माती वाहून आली, आणि वीस फूट खोल टाकं पाच फुटांचं झालं. त्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, फुटक्या चपला. हे काम पावसाळ्यात करताच येत नाही. पाणी तळाला गेलं की मगच, म्हणजे एप्रिल-मेमध्येच. वन खातं आणि किल्ला संरक्षित असेल तर पुरातत्त्व खातं, दोन्हींची परवानगी काढावी लागते, आणि ते योग्यच आहे. गाळात एखादा घडीव दगड, जुनं भांडं निघालं तर ते आपण उचलून आणायचं नसतं. परवानगी मिळाली की गावातली माणसं सोबत घ्यायची. टाक्याचा तळ कुठे आहे, पूर्वी पाणी कुठून यायचं, हे त्यांना माहीत असतं. एका टाक्यावर काम करताना गावातल्या एका आजोबांनी काठीने कातळावरची एक बुजलेली चर दाखवली. चढावरचं पाणी टाक्यात आणणारा पन्हळ होता तो, बोटभर खोल, गवताने पूर्ण झाकलेला. आमच्यातला प्रत्येक जण त्याच्यावरून दहादा तरी चालला असेल. तो मोकळा करायला दोन मुलांना एक सकाळ लागली.

त्या टाक्याचं काम यंदा अर्धंच झालंय. वरचा कचरा आणि सुकी माती निघाली, तळाचा घट्ट चिखल बाकी आहे. तो घमेल्याने वर काढून, हातोहात पुढे देऊन, तटाबाहेर लांब नेऊन टाकावा लागेल, नाहीतर पहिल्याच पावसात परत आत येईल. एका रांगेला निदान बारा-पंधरा माणसं हवीत. दादांनी घमेली आणि दोन फावडी द्यायचं कबूल केलंय, गावकऱ्यांनी दोर ठेवलाय. मृगाच्या आधीचा शेवटचा रविवार धरलाय. येणाऱ्यांनी पाणी चार नाही, पाच लिटर आणा, काम उन्हातलं आहे. हातमोजे, डोक्याला पंचा, आणि खाली उतरायला तयार असलेले दोघे-तिघे तरी हवेत. टाक्याचं तोंड अरुंद आहे, अंगाने किरकोळ असलेल्यांनाच आत जाता येईल.